दारावरची पाटी आणि पोटातला पू

२०१४ च्या पावसाळ्यात एका शनिवारी दुपारी कर्जतजवळच्या एका सोनोग्राफी केंद्रात नऊ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे शेवटचा पेशंट म्हणून आली. बाहेरच्या बाकावर ती दोन तास बसून होती. तिच्या डोक्यावरच्या भिंतीवर महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात असते ती पाटी होती: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. बाकावरच्या बाकी सगळ्या बाया गर्भार होत्या. खांडसच्या बाजूच्या एका ठाकरवाडीतून बाप तिला घेऊन आला होता. तेरा दिवसांपूर्वी मुंबईत तिचे फुटलेले अपेंडिक्स काढले होते, आठव्या दिवशी घरी सोडले होते. घरी येऊन दोन दिवस होत नाहीत तोच ताप आणि जुलाब सुरू झाले. जवळच्या दवाखान्यात जुलाबाचे औषध झाले, सलाईन झाले. ताप उतरे आणि पुन्हा चढे.

पोटावर प्रोब ठेवल्यावर मूत्राशयाच्या मागे, ओटीपोटाच्या तळाशी मोसंबीएवढा पू साठलेला दिसला. म्हणजे ते जुलाब पोट बिघडल्याचे नव्हते. ओटीपोटातला पू गुदाशयाला खेटून राहिला की आतडे चाळवते आणि मूल पुन्हा पुन्हा थोडे थोडे, शेंबडे शौचाला बसते. जुन्या सर्जनांना ही खूण पाठ असे. हातमोजा घालून बोटाने तपासले की मऊ, दुखरा फुगवटा हाताला लागे. पण तो तपास दुखतो, मूल रडते, आणि हल्ली तो कोणी फारसा करत नाही. त्याच संध्याकाळी १०८ च्या गाडीतून मुलगी परत मुंबईला गेली, पू काढला गेला, ती बरी झाली.

गोष्ट एवढीच असती तर ती सांगायला दिवाळी अंकाची पाने लागली नसती. पण दोन वर्षे आधी असती तर ही मुलगी बाकावर बसलीच नसती. तेव्हा माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेले एक लहान सोनोग्राफी यंत्र असे आणि मी ते घेऊन कर्जत-खालापूर भागातल्या चार-पाच दवाखान्यांत फिरत असे. २०१२ साली ते बंद झाले. का बंद झाले, आणि ते योग्य झाले की नाही, या प्रश्नाने मला जुन्या वैद्यकीय नियतकालिकांपासून जनगणनेच्या तक्त्यांपर्यंत फिरवून आणले. शस्त्रक्रियेनंतर लहान मुलाच्या पोटात काय चालले आहे हे पाहण्याचा इतिहास एकीकडे, आणि महाराष्ट्राने सोनोग्राफीच्या यंत्राला घातलेल्या कुलपाचा इतिहास दुसरीकडे. हे दोन्ही सहसा वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेले असतात.

सुरुवात एका राजापासून करावी लागते. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाचे पूर्ण नाव किंग एडवर्ड मेमोरियल. हा राजा, सातवा एडवर्ड, १९०२ च्या जूनमध्ये राज्याभिषेकाला दोन दिवस उरले असताना पोटदुखीने आडवा झाला. २४ जूनला फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या सर्जनने बकिंगहॅम राजवाड्यातच त्याच्या पोटातला अपेंडिक्सभोवतीचा पू काढला, आणि अभिषेक ९ ऑगस्टला झाला. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा सात वर्षेही झाली नव्हती; राजाच्या पोटात डोकावायला ट्रीव्ह्जकडे स्वतःच्या बोटांखेरीज काही नव्हते. त्याची धाकटी मुलगी दोनच वर्षांपूर्वी याच आजाराने, अपेंडिक्स फुटून, गेली होती. ज्याने राजाला वाचवले त्याच्या घरातली ही हकीकत मला नेहमी राज्याभिषेकाहून मोठी वाटत आली आहे. पोटातला पू वेळेवर कळणे किंवा न कळणे हा सगळा खेळ दोन-तीन दिवसांचा असतो, हे त्याला आपल्याच घरात कळले होते.

राँटगेनने ८ नोव्हेंबर १८९५ ला क्ष-किरण पाहिले, आणि दोन वर्षांत ते हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर तिराहच्या मोहिमेत पोहोचले. सर्जन-मेजर बीव्हर तिथे सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या त्या यंत्राने शोधत होता. हाड आणि शिसे यांची सावली पडते म्हणून सैनिकाला या शोधाचा फायदा पहिल्यांदा मिळाला. पोट मऊ, त्यात पू, रक्त, पाणी आणि आतडे यांची सावली जवळजवळ एकसारखी. वेगळा दिसतो तो फक्त वायू. त्यामुळे पोटाच्या एक्स-रेची सारी विद्या ही वायू वाचण्याची विद्या आहे. मुलाला उभे करून काढलेल्या फिल्ममध्ये श्वासपटलाखाली काळी चंद्रकोर दिसली तर आतडे फुटून वायू बाहेर आला आहे. पायऱ्यापायऱ्यांसारख्या आडव्या रेषा दिसल्या तर आतडे तुंबले आहे. वर वायू, खाली पाणी.

शस्त्रक्रिया झालेल्या मुलात मात्र हीच चंद्रकोर फसवते. पोट उघडले होते, तेव्हा बाहेरची हवा आत गेलेलीच असते, आणि ती शोषली जायला काही दिवस लागतात. टाका सुटून आतडे गळते आहे की ही ऑपरेशनच्या टेबलावरची शिल्लक हवा आहे, हे एका फिल्ममधून सांगता येत नाही. दोन दिवसांनी दुसरी काढून हवा वाढली की कमी झाली ते पाहावे लागते. आणि पू तर एक्स-रेमध्ये दिसतच नाही, त्याच्या आजूबाजूच्या खुणा दिसतात. न्यूयॉर्कच्या जॉन कॅफीने १९४५ मध्ये मुलांच्या एक्स-रे निदानावर पहिला मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्या चार वर्षे आधी बॉस्टनच्या लॅड आणि ग्रॉस यांचा मुलांच्या पोटाच्या शस्त्रक्रियांवरचा ग्रंथ आला होता. शस्त्रक्रिया पुढे आणि चित्र मागे, असा तो क्रम होता.

आपल्याकडे मुलांसाठी वेगळे रुग्णालय परळला १९२९ साली उभे राहिले, बाई जेरबाई वाडिया. शेजारचे के.ई.एम. तीन वर्षांनी मोठे. परळ या नावापाशी मी थोडा थांबतो, कारण कर्जत-खालापूरचे आणि परळचे नाते विजेच्या तारेचे आहे. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, खालापूर तालुक्यात. भिवपुरीचे १९२२ मध्ये, कर्जत तालुक्यात. लोणावळ्याच्या आणि आंध्र मावळच्या तलावांतले पाणी घाटाच्या कड्यावरून नळांतून खाली सोडायचे आणि तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पाठवायची, अशी ती योजना. वीज खाली मुंबईत गेली, तिच्यापाठोपाठ माणसे कामाला गेली, आणि आजारी मुलेही त्याच वाटेने गेली. खोपोलीपर्यंत रेल्वे १८५६ मध्येच आली होती. अलिबागचे जिल्हा रुग्णालय सरकारी कागदावर जवळचे, पण कर्जतचा माणूस मुलाला घेऊन लोकलमध्ये बसतो आणि कल्याण, उल्हासनगर, शीव नाहीतर परळला उतरतो. ही वहिवाट आजही मोडलेली नाही.

म्हणून या भागात शस्त्रक्रिया एका जागी होते आणि शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे दुसऱ्या जागी सुरू होते, मधे शंभरेक किलोमीटर. टाके घालणारा डॉक्टर परळला, ताप पाहणारा खांडस, कशेळे किंवा चौकला. फुटलेल्या अपेंडिक्सनंतर पू साठतो तो बहुधा पाचव्या दिवसानंतर, म्हणजे मूल घरी परतायच्या सुमारास. आतड्यात आतडे शिरण्याचा प्रकार ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत होतो आणि त्याची एरवीची ठळक लक्षणे त्या वेळी दिसत नाहीत. सगळे म्हणतात, टाके दुखत असतील. आणि आतडी एकमेकांना किंवा जुन्या जखमेच्या आतल्या बाजूला चिकटून तुंबण्याचा प्रकार महिन्यांनी, वर्षांनीही उद्भवतो. यांतले प्रत्येक दुखणे वेळेवर दिसले तर बरे होणारे आहे. पण दिसायला काहीतरी साधन हवे.

ते साधन बॉयलर बनवणाऱ्यांकडून आले. ग्लासगोचा स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड याने १९५५ च्या जुलैमध्ये दोन मोटारींच्या डिक्कीत शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी भरल्या आणि रेनफ्रूच्या बॅबकॉक अँड विलकॉक्स कंपनीत नेल्या. तिथे लोखंडी पत्र्यातल्या भेगा शोधायला ध्वनिलहरी वापरत. तुलनेसाठी कंपनीने गोमांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. घट्ट गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात हे त्या दिवशी दिसले. ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट'मध्ये डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि ब्राऊन यांचा निबंध आला. त्याचा विषय पोटातल्या गाठी हा होता, हे मी मुद्दाम सांगतो. आज 'सोनोग्राफी' म्हटले की लोकांना गर्भच आठवतो. त्या निबंधामागे एक बाई होती. तिला पोटाचा असाध्य कर्करोग आहे असे ठरले होते. यंत्राने अंडाशयाची मोठी पाण्याची गाठ दाखवली, ती काढली आणि बाई बरी झाली.

यंत्र गर्भाकडे वळले त्याला सबळ कारण होते. १९५६ मध्ये ऑक्सफर्डच्या ॲलिस स्टुअर्टने दाखवून दिले की गर्भारपणी आईच्या पोटाचे एक्स-रे काढले असतील तर पुढे मुलांना कर्करोग होण्याचे प्रमाण वाढते. डॉक्टरांनी हे मान्य करायला पुष्कळ वर्षे घेतली, पण मान्य झाल्यावर किरणांवाचून गर्भ पाहण्याचे साधन हवे झाले, आणि डोनाल्डचे यंत्र हाताशी होते. गर्भातल्या मुलाला वाचवण्यासाठी हे यंत्र गर्भापर्यंत गेले. पुढे भारतात काय झाले ते पाहता ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

मुलांच्या पोटासाठी मात्र ध्वनिलहरींना एक मोठा अडथळा होता, तोच वायू. एक्स-रेला जो वायू लागतो तोच सोनोग्राफीला आडवा येतो. वायूतून ध्वनिलहरी पुढे जात नाहीत, पडद्यावर पांढरा धूर दिसतो. ऑपरेशननंतर आतडी काही दिवस सुस्त असतात, फुगलेली असतात. वर पट्टी चिकटवलेली. १९८६ मध्ये नेदरलँड्सच्या ज्युलियन पाउलार्टने एक साधी युक्ती लिहिली: प्रोब हळूहळू, श्वासाच्या लयीत दाबत न्यायचा, म्हणजे वायू बाजूला सरकतो आणि आतडे मागच्या स्नायूवर चपटे होऊन दिसू लागते. त्याने ती अपेंडिक्सच्या दाहासाठी वापरली. ऑपरेशन झालेल्या पोटावर दाबताना जखम सांभाळावी लागते, मुलाशी बोलत राहावे लागते, आणि वेळ लागतो. बाहेर पंधरा गर्भार बाया थांबलेल्या असताना हा वेळ काढणे सोपे नाही. ओटीपोट पाहायचे तर मूत्राशय भरलेले हवे. ते भरले की खिडकीसारखे काम करते. मुलाला पाणी पाजा म्हणून सांगायचे, आणि मूल पाणी ओकून टाकते. असली क्षुल्लक वाटणारी कामे पाठ्यपुस्तकात एका ओळीत असतात. निदान होणे न होणे बहुतेकदा त्यांच्यावरच अवलंबून असते.

तरीही कर्जत-खालापूरच्या मुलांसाठी हेच यंत्र सगळ्यांत सोयीचे, आणि त्याचे कारण सांगताना मला लाज वाटते. सीटी स्कॅनमध्ये अवयव वेगळे दिसतात ते त्यांच्यामधल्या चरबीमुळे. ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांवरच्या किडकिडीत मुलाच्या पोटात ती चरबी नसतेच. सीटीत आतडी, पू, पाणी सगळे एकमेकांत मिसळते. सोनोग्राफीला उलट पातळ पोट सोपे. प्रोब आणि आतडे यांत दोन बोटांचेही अंतर नसते. जंतसुद्धा आगगाडीच्या रुळांसारख्या समांतर रेषांत वळवळताना दिसतात. कुपोषणाने या मुलांना दिलेली ही एकच सवलत म्हणायची.

सीटीचे यंत्र वाईट आहे असे नाही. हाऊन्सफिल्डच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ ला पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला आणि आठ वर्षांत त्याला आणि कॉर्मॅकला नोबेल मिळाले. पोटात खोलवर दडलेला पू दाखवण्यात आणि तो बाहेरून सुई घालून काढण्यात सीटीने फार मोठे काम केले आहे. पण मुलाच्या वाढत्या पेशींवर त्याचे किरण जास्त लागतात. २००१ नंतर अमेरिकेत यावर वाद पेटला, २००८ मध्ये मुलांना कमी किरण द्या अशी मोहीम तिथल्या रेडिऑलॉजिस्टांनी काढली, आणि २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे १ लाख ८० हजार तरुण रुग्णांच्या अभ्यासात सीटीनंतर रक्ताच्या आणि मेंदूच्या कर्करोगाचे प्रमाण थोडे पण खरोखर वाढलेले दिसले. एका मुलापुरता धोका लहानच. पण ज्या मुलाच्या पोटात आज पू आहे, परवा पुन्हा पाहायचे आहे, आठवड्याने पुन्हा, त्याला दर वेळी सीटीत घालता येत नाही. पुन्हा पुन्हा पाहणे हे सोनोग्राफीचे काम.

आणि नेमके हेच यंत्र आपल्याकडे कुलपात गेले.

ती हकीकत मुंबईतच सुरू झाली. १९८० च्या दशकात गर्भजल काढून मुलगा की मुलगी ते सांगण्याचा धंदा उघड चालत होता. लोकलच्या डब्यांतून त्याच्या जाहिराती असत. फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेने १९८६ च्या सुमारास मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, त्यांतले ८४ टक्के ही चाचणी करत होते. ही संस्था डॉ. नोशीर अंटिया यांनी काढली. ते प्लॅस्टिक सर्जन; रायगडातच, मांडव्याला, त्यांनी जेमतेम साक्षर बायांना आरोग्याचे काम शिकवून तीसेक गावांत एक प्रयोग चालवला होता. ज्या जिल्ह्यात त्यांनी गावची बाई आरोग्याचे किती काम करू शकते हे दाखवले, त्याच जिल्ह्याच्या उंबऱ्याशी असलेल्या शहरात डॉक्टर काय करू शकतात हे त्यांच्या संस्थेच्या पाहणीने दाखवले. विभूती पटेल, आर. पी. रवींद्र, अमर जेसानी अशा कार्यकर्त्यांच्या मंचाने लढा दिला, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, लागू झाला १९९६ ला. तोवर गर्भजलाची गरज संपली होती. ते काम सोनोग्राफी करू लागली होती.

कायदा झाला, पण अंमल नव्हता. २००० साली सेहत, मासूम आणि साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्यानंतरच यंत्रांची नोंदणी गांभीर्याने सुरू झाली. २००३ मध्ये कायदा सुधारून सोनोग्राफी स्पष्टपणे त्याच्या कक्षेत आली. इकडे शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींचे महाराष्ट्रातले प्रमाण १९९१ मध्ये ९४६ होते, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. रायगडची स्थिती राज्याच्या सरासरीहून बरी राहिली. कोल्हापूरची २००१ मध्ये ८३९. तिथले जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख, जे पुढे बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यांनी प्रत्येक यंत्राला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचे उपकरण जोडायला लावले. यंत्राने काय पाहिले ते सगळे त्यात साठून राही. आमच्या रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि २०११ मध्ये आम्ही हरलो. त्या वेळी मी चिडलो होतो. आज मला न्यायालयाचेच बरोबर वाटते. वरचे तीन आकडे एकाखाली एक लिहून पाहिल्यावर आमच्या सोयीगैरसोयीबद्दल फार बोलवत नाही.

त्यानंतर २०१२ च्या नियमांनी हलवता येणाऱ्या यंत्राला बांधून टाकले. नोंदणी झालेल्या जागेत, दाखल असलेल्या रुग्णांसाठी, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात, एवढ्याच ठिकाणी ते वापरायचे. एका डॉक्टरने जिल्ह्यात दोनच केंद्रांवर काम करायचे. नियमाचे कारण कोणालाही पटेल. गाडीत यंत्र घालून गावोगाव 'तपासणी' करत फिरणाऱ्यांनी काय केले होते हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यांच्या आणि माझ्या गाडीत बाहेरून काही फरक दिसत नव्हता. मी यंत्र विकले आणि दोन केंद्रांवर ठरलेल्या वारी जाऊ लागलो.

मुलाच्या पोटाची सोनोग्राफी करायला कायद्याने कुठेही मनाई नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. गर्भवतीसाठी जो 'एफ' फॉर्म भरावा लागतो तो मुलासाठी लागतही नाही. अडचण वेगळीकडून येते. गर्भाचे लिंग दाखवू शकणारे कोणतेही यंत्र, मग ते मुलांच्या वॉर्डातले का असेना, नोंदणीचेच. ते हाताळणारा डॉक्टरही नोंदणीचा. म्हणजे ज्या सर्जनने मुलाचे पोट उघडले त्याने खाटेपाशी स्वतः प्रोब ठेवून पाहायचे, ही जगात इतरत्र रुजलेली पद्धत आपल्याकडे सहज रुजली नाही. कागदात चूक झाली तर यंत्राला सील लागते, आणि सील लागलेले यंत्र मुलाचे पोटही पाहत नाही. म्हणून छोटी रुग्णालये यंत्र ठेवायलाच कचरतात. मुलींना वाचवण्यासाठी केलेल्या या व्यवस्थेची किंमत वाडीवरच्या मुलामुलींनी थोडीथोडी भरली. ती किंमत भरायला नको होती असे मी म्हणणार नाही. ती कोणी भरली याची नोंद कुठेच नाही, एवढे म्हणेन.

माझ्या हातून झालेली एक चूकही इथेच सांगतो, नाहीतर सगळा दोष नियमांवर टाकल्यासारखा होईल. सहा-सात वर्षांचा एक मुलगा उलट्या आणि पोटदुखी घेऊन आला. पोटावर जुना व्रण होता. सात महिन्यांपूर्वीचे ऑपरेशन. पू नव्हता, पाणी नव्हते. मी लिहिले: पोटात वायू जास्त, तपासणी मर्यादित. कागद घेऊन ते घरी गेले. तिसऱ्या दिवशी त्याला मुंबईत न्यावे लागले. आतडे जुन्या व्रणापाशी चिकटून पिळले होते आणि हातभर तुकडा काढून टाकावा लागला. उलटी हिरवी होती का, हे मी विचारलेच नव्हते. हिरवी उलटी म्हणजे पित्त उलट्या वाटेने वर येते आहे, खाली वाट बंद आहे; मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला शिकवतात. आणि जो वायू मला आडवा आला म्हणून मी हात झटकले, तोच वायू पंचवीस पावलांवरच्या एक्स-रेच्या खोलीत पायऱ्यापायऱ्यांनी निदान सांगत उभा राहिला असता. राँटगेनचे जुने यंत्र पुरेसे होते. मी माझ्या यंत्रापुरता विचार केला, आणि सात महिने झाले म्हणजे ऑपरेशन संपले असे धरून चाललो.

सरकारी योजनाही तसेच धरून चालतात. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत रायगड होता. आज ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. तिने या भागातल्या मुलांच्या शस्त्रक्रियांना पैसा दिला, ही फार मोठी गोष्ट. त्याच्या पुढच्या वर्षी पालघरला सुरू झालेल्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुले तपासू लागली, हर्निया आणि जन्मजात व्यंगे सापडू लागली, शस्त्रक्रिया वाढल्या. पण पॅकेजमध्ये घरी सोडल्यानंतरचे दहा दिवस मोजलेले. माझ्याकडे आलेली ठाकरवाडीची मुलगी त्या दहा दिवसांच्या आत होती, हा मुलगा नव्हता.

आता मार्ग काय, असे कोणी विचारले तर मी यंत्र मोकळे सोडा म्हणणार नाही. २०१२ चा नियम फिरत्या वैद्यकीय पथकाला यंत्र वापरू देतो; त्या सवलतीचा उपयोग मुलांसाठी करता येईल. उपजिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी मुलांची वेगळी रांग लावता येईल, म्हणजे तासभर दाबत बसायला डॉक्टरला सवड मिळेल. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा रस्ता नसल्याने बचावपथके चिखलातून चालत वर गेली, मोठी यंत्रे वर जाऊच शकली नाहीत. खालापूर तालुक्यातली ही वाडी मुंबईपासून फार दूर नाही. अशा ठिकाणी सोनोग्राफी पोहोचवण्याआधी निरोप पोहोचला पाहिजे: पोटाचे ऑपरेशन झालेल्या मुलाला ताप उलटला, हिरवी उलटी झाली, शेंबडे जुलाब लागले किंवा पोट फुगून वारा सरेनासा झाला, तर टाके वाळले असले तरी पोटाचे चित्र काढायचे. हे चार शब्द आशाताईला सांगता येतात आणि घरी सोडतानाच्या कागदावर मराठीत लिहिता येतात.

तो कागद सध्या इंग्रजीत असतो. ठाकरवाडीच्या मुलीच्या बापाने त्या शनिवारी मला तो प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दाखवला. एक्स-रेची फिल्म, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि तो, तिन्ही एकात एक घडी घातलेले. शेवटच्या ओळीत सात दिवसांनी दाखवा असे होते आणि पुढे 'एसओएस' ही तीन अक्षरे, म्हणजे गरज पडल्यास लगेच या. बापाने त्या अक्षरांवर बोट ठेवले. "डॉक्टर, बाकीची औषधं मिळाली," तो म्हणाला, "हे एवढं कुठंच मिळत नाही. कर्जतच्या दोन दुकानांत विचारलं, नेरळलाबी विचारलं."